खांद्यावरचा शेंदूर

तो खांब खचलेला नव्हता. एका सुतानेही नाही. हे मला एका सोमवारी सकाळी कळलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. साहेबाला नाही, बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आता चाळिशी मागे पडली, डोळ्यांना दुर्बिणीतले आकडे नीट दिसत नाहीत. लिहायचं तर आताच लिहायला हवं.

डोंबिवली गाव मागे टाकून शिळेकडे जाणारी गाडीवाट त्या काळी खाडीच्या एका फाट्याशी येऊन अडायची. ओहोटीला बैल चिखलात पोटापर्यंत रुतायचे, भरतीला पडावाची वाट बघत बसावं लागायचं. तिथे दगडी पूल बांधायचं ठरलं आणि कल्याणच्या कचेरीतून मला त्या कामावर धाडलं. मी पंचविशीच्या आतबाहेर होतो. इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेलो, अक्षर बरं, आणि दुर्बीण लावून पातळ्या घ्यायला नुकताच शिकलेलो.

पातळ्या घेणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक न हलणारी जागा निवडायची आणि तिला मूळ खूण म्हणायचं. त्या खुणेवर आकडे रंगवलेली उभी पट्टी धरायची आणि दुर्बिणीतून आकडा वाचायचा. मग तीच पट्टी खांबावर धरून दुसरा आकडा वाचायचा. दोन्ही आकड्यांमधल्या फरकावरून खांब खुणेपेक्षा किती वर किंवा किती खाली ते कळतं. खूण मात्र हलता कामा नये. आपण उंच ओट्यावर चढलो की शेजारचा माणूस खुजा दिसतो, तसंच हे. खूण वर गेली की खांब खाली गेल्यासारखा दिसतो.

त्या सगळ्या चिखलात न हलणारी जागा एकच होती. मिठागराच्या बांधाला लागून काळा कातळ वर आलेला होता, आणि तो कातळ म्हणजे गावाचा देव. डोकं, दोन खांदे, बाकी सगळा शेंदूर. साहेब घोड्यावरून उतरला नाही. लांबूनच चाबूक दाखवून म्हणाला की त्या दगडाच्या खांद्यावर छिनीने खूण कोरून घे, आणि निघून गेला.

मी छिनी हातोडी घेऊन गेलो तर बांधावर गाव उभं. मिठागरात राबणारी माणसं, कमरेला लंगोटी, अंगावर मीठ वाळलेलं. कुणी आवाज चढवला नाही. देवाची पूजाअर्चा करणारा म्हातारा तेवढा पुढे आला. म्हणाला, "टेकवायचं ते टेकवा, रावसाहेब. पन घाव नको."

बरीच बोलणी झाली. शेवटी ठरलं ते असं. छिनी लावायची नाही. पट्टी देवाच्या खांद्यावर टेकवायची, पण ती म्हातारा स्वतः आंघोळ करून धरणार, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. म्हणजे पट्टीवाला म्हणून त्यालाच कामावर घ्यावं लागलं. पहिल्या दिवशी त्याने नारळ फोडला, आणि लाकूड देवाच्या अंगाला थेट लागू नये म्हणून खांद्यावर एक तांब्याचा ढबू पैसा ठेवला. त्यावर पट्टी उभी केली. मी आकडा वाचला. पैसा तिथेच राहिला. देवाला वाहिलेलं कोण उचलतं?

संध्याकाळी वहीत मी लिहिलं, 'खडकात छिनीने खूण कोरली.' साहेबाने विचारलं, "खडक आहे ना?" मी म्हणालो, "आहे, साहेब." गाववाल्यांनी नाही म्हटलं म्हणून परत आलो, हे नव्या कारकुनाने कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खडक तर होताच. मी स्वतःला समजावलं की खोटं आहे ते फक्त छिनीचं.

पाया घालायचं काम चिखलात विहिरी उतरवून चालायचं. विटांची विहीर वर बांधत जायची आणि आतला गाळ उपसत जायचा, म्हणजे ती आपल्या वजनाने खाली बसत बसत कातळाला टेकते. मग ती भरून वर दगडी खांब. पहिल्या हंगामात कल्याणच्या बाजूचा एकच खांब पाण्याबाहेर आला. बाकीच्या विहिरी अजून उतरतच होत्या. त्यामुळे ताडून बघायला दुसरं काही नव्हतं.

तो खांब बांधणारा मुकादम घाटावरचा पाथरवट. अंगाने किरकोळ, बोलायला तिखट. दगड आला की त्यावर हातोडीचा एक टोला देऊन कान लावायचा. आवाज आवडला नाही तर दगड बाजूला. ठाकुर्लीजवळच्या खाणीतून गाड्या यायच्या, त्यातल्या अर्ध्याच त्याला पसंत पडायच्या आणि गाडीवाले त्याला शिव्या घालायचे. चुना मळणाऱ्या घाणीपाशी तो स्वतः बसायचा, बोटावर चुना घेऊन चाटून बघायचा. दर सोमवारी मी पातळी घेतली की हाक मारायचा, "रावसाहेब, काय म्हणतोय आमचा खांब?" मी म्हणायचो, "जागच्या जागी आहे." तो म्हणायचा, "मग जाणार कुठं? त्याला काय पाय आहेत?" आणि माणसं हसायची.

पहिलं सूत कधी आलं ते मला नेमकं आठवतं. दिवाळीनंतरचा सोमवार. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खांब सुतभर खाली दिसला. मला वाटलं, माझा डोळा. मी मागच्या आठवड्याचाच आकडा लिहिला. महिन्याने आणखी एक सूत आलं. तेही मी गिळलं. उन्हाने हवा थरथरते, पट्टी तिरकी धरली गेली असेल, दुर्बिणीचा बुडबुडा सरकला असेल. कारणं पुष्कळ मिळतात. पावसाने काम थांबेपर्यंत मी दर आठवड्याला जुनाच आकडा नव्या तारखेखाली लिहीत राहिलो.

पावसाळ्यानंतर पुन्हा पातळी घेतली तेव्हा खांब पाऊण इंच खाली होता. एवढं गिळणं शक्य नव्हतं. मी ते लिहिलं. वहीत बघणाऱ्याला काय दिसलं? वर्षभर खांब मठ्ठ उभा होता आणि एका पावसात एकदम पाऊण इंच बसला. हळूहळू आलेलं ते मी साठवून एकदम ओतलं होतं, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

साहेब घाबरला. आणि साहेब घाबरला की खाली सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. साहेबाला वाटलं मुकादमाने चुन्यात खाडीची खारी वाळू घातली. मुकादमाला वाटलं साहेबाने विहीर कातळाला टेकायच्या आधीच उपसा थांबवून ती भरायला लावली. उपसणाऱ्यांना वाटलं मिठागरवाल्यांनी रागाने बांधाची तोंडं उघडून पायाखालचा गाळ सैल केला. आणि मिठागरवाल्यांत वेगळीच कुजबुज सुरू झाली की पूल बसतोय म्हणजे तो माणूस मागतोय. बायका पोरांना खाडीकडे फिरकू देईनात. माझ्या हातात वही दिसली तरी दार लावून घ्यायच्या. त्यांना वाटायचं मी नावं लिहून नेतोय.

साहेबाने मला एकट्याला बोलावून मुकादमावर नजर ठेवायला सांगितलं. मी ठेवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोष त्याचा निघाला तर माझ्या गिळलेल्या सुतांचं कुणी विचारणार नव्हतं. तो जेवायला बसला की मी घाणीपाशी जाऊन चुना हुंगून बघायचो. त्याच्या माणसांना गोड बोलून विचारायचो, रविवारी कोण कोण आलं होतं. तो कधी खांबाला हात लावून उभा राहिला तर मला वाटायचं, हा काय लपवतोय?

आणि दर आठवड्याला खांब आणखी खाली. आता मी एकही सूत गिळत नव्हतो.

मुकादम मूर्ख नव्हता. एक दिवस तो मला खाडीकाठी घेऊन गेला. म्हणाला, "हा पांढरा दगड बघा. पहिल्या वर्षी माघी पुनवेचं उधाण याच्या खालच्या सांध्याला लागलं होतं. मी बोट ठेवून बघितलंय. परवाच्या पुनवेलाही तिथंच लागलं. खांब इंचभर बसला असता तर पाणी दगडावर चढलं नसतं का?" मी म्हणालो की समुद्राच्या पाण्याचा काय भरवसा, वारा असला की चढतं, नसला की उतरतं. तो म्हणाला, "आणि तुमच्या खुणेचा भरवसा? पट्टी कुठं टेकवता ते एकदा मला दाखवा."

साधं मागणं होतं. देवापाशी त्याला नेलं असतं तर त्या माणसाने हातोडीचा एक टोला द्यायला हात उचलला असता, कान लावला असता, आणि त्याला कळलं असतं. पण मला वाटलं हा खूण हलवायला बघतोय. शिवाय तिथे छिनीचा ओरखडाही नाही, हे त्याने पाहिलं असतं. मी नाही म्हटलं. वर जाऊन साहेबाला सांगितलं की मुकादम मूळ खुणेजवळ जायला मागतोय. साहेबाने त्याला बांधावर पाय ठेवायची बंदी केली.

त्या पूर्ण काळात एकच माणूस निर्धास्त होता, पट्टीवाला म्हातारा. मला म्हणाला, "पूल बसतो बोलतात. देवाला सांगितलंय मी. रोज सांगतंय." मी मान हलवली आणि वहीत आकडा लिहिला. रोज सांगणं म्हणजे काय, हे माझ्या मनातही आलं नाही. एरवी शनिवारी चढणारा शेंदूर आता रोज चढत होता, तेलात कालवून, हाताच्या तळव्याने दाबून. गावातल्या बायका नवस बोलून आपापला शेंदूर आणत होत्या. म्हाताऱ्याला पुलाची काळजी होती म्हणून तो लावायचा, आणि त्यांना पुलाची भीती होती म्हणून त्या. मी हे डोळ्यांनी बघत होतो. पण शेंदूर हा माझ्या लेखी रंग होता, त्याला जाडी असते हे मला कधी सुचलंच नाही. देवाला शेंदूर लावताना लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला ते सुचत नाही. परका कुणी असता तर पहिल्या महिन्यात विचारता.

मुंबईहून मोठा साहेब चौकशीला यायचा होता मंगळवारी. सोमवारी सकाळी मी शेवटची पातळी घ्यायला गेलो. दुर्बीण लावली. म्हातारा बांधाच्या वळणावर पट्टी धरून होता, माझ्या जागेवरून देव अर्धा झाडीआड. आकडा वाचला, खांबावरचा वाचला, वजाबाकी केली. खांब तीन इंच वर आला होता.

मी पुन्हा केली. पुन्हा तेच. खांब वर येत नसतो. मी दुर्बीण तशीच सोडून बांधावरून चालत गेलो.

देव काळा होता. नुसता काळा कातळ, ओलसर, आणि आकाराने इतका लहान की मी ओळखलाच नसता. पायाशी केशरी खोळ पडलेली होती, नारळाच्या करवंटीसारखी, दोन मोठे तुकडे आणि बारीक चुरा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "देवानं आंगरखा टाकला," तो म्हणाला. "माज्या बापाच्या वेळेला टाकला होता. आता माज्या." त्याला ओहोटीच्या आत खोळ खाडीत सोडायची होती, तसा रिवाज. बांधाच्या उतारावरून खाली उतरताना त्याने एक तुकडा माझ्या हातात धरायला दिला.

तो खांद्याचा तुकडा होता. फुटल्या कडेला थर दिसत होते, एकावर एक, मिळून तीन इंच, खालचे जुने काळपट, वरचे लाल, आणि त्यांच्या मध्ये तांब्याच्या पैशाची हिरवी पडलेली कड. तोच पैसा. पहिल्या दिवशीचा. त्याच्यावर मी पट्टी टेकवून पहिला आकडा वाचला होता. त्याच्यावर चढलेला शेंदूर मी ओळंब्याच्या दोरीने मापला आणि पट्टीवर धरून बघितला. दीड इंचाला एक सूत कमी. वहीत मागच्या सोमवारी खांब किती खचला म्हणून लिहिलं होतं ते बघायला मला वही उघडावी लागली नाही. दीड इंचाला एक सूत कमी.

म्हातारा खाली पाण्यात गुडघाभर उभा राहून हात वर करून म्हणाला, "द्या, रावसाहेब."

मी द्यायला नको होता. तो तुकडा टेबलावर ठेवला असता तर मुकादमाला एक शब्दही बोलावा लागला नसता. पण मग छिनीचं निघालं असतं, सुतांचं निघालं असतं, बांधावरच्या बंदीचं निघालं असतं. माझी नोकरी गेली असती. घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हे मी नंतर जुळवलं. त्या क्षणी मी काहीच विचार केला नाही. खाली वाकलो आणि तुकडा त्याच्या हातात दिला. त्याने तो पाण्याला लावला, कपाळाला लावला आणि सोडला. बुडायला जराही वेळ लागला नाही.

वहीत मी मागच्या सोमवारचाच आकडा लिहिला. तेवढं मला जमायला लागलं होतं.

मंगळवारी मोठ्या साहेबाने मुकादमाचं सगळं ऐकून घेतलं. पांढरा दगड, पुनवेचं पाणी, सगळं. मग मला विचारलं की मूळ खूण हलली असण्याची काही शक्यता आहे का. मी म्हणालो, नाही, खडकात कोरलेली आहे. मुकादम माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. दगडाला टोला दिल्यावर जसा कान लावून थांबायचा, तसा.

त्याला काढलं. दाखल्यावर शेरा लिहिला की याचं काम भरवशाचं नाही. खांबाचे वरचे चार थर उतरवून पुन्हा बांधायचं ठरलं, आणि उतरवताना पहारी वाकल्या. चुना दगडासारखा झालेला. त्यावरही कुणाला शंका आली नाही असं नाही, पण ती उलटीच आली: वर एवढं पक्कं केलंय म्हणजे तळाशी नक्की खोट असणार. एकदा संशय बसला की चांगलं कामही त्यालाच पुरावा देतं, हे मी तिथे पाहिलं.

त्या आठवड्यात मी साहेबाकडे आग्रह धरला की मूळ खूण आता नव्या जागी, मुद्दाम बांधलेल्या दगडी चौथऱ्यावर घ्यावी. खांब त्यानंतर कधी हलला नाही. लोक म्हणाले, नव्या थरांचा गुण. साहेबाने माझ्या सावधपणाबद्दल चांगलं लिहिलं आणि मला वरची जागा मिळाली. पूल झाला. गाड्या जाऊ लागल्या. म्हातारा दोन वर्षांनी वारला. त्याला शेवटपर्यंत वाटायचं की देवाने आंगरखा टाकून पुलाचं संकट स्वतःवर घेतलं.

मी ठाण्यात बदलून आलो, कोपरीला घर केलं. पंधराएक वर्षं गेली. मागच्या मार्गशीर्षात दुपारी गल्लीतून टाकीवाल्याची हाक आली. जातं, पाटा गुळगुळीत झाला की टाकी मारून खरबरीत करून देणारे फिरतात, त्यातला. बायकोने त्याला आत बोलावलं. मी ओटीवर वाचत बसलेलो. टोल्यांचा आवाज सुरू झाला आणि एका टोल्यानंतर थांबला. तो जात्याला कान लावून बसला होता.

माझ्या आधी त्याने मला ओळखलं असावं. हात न थांबवता म्हणाला, "रावसाहेब, काय म्हणतोय आमचा खांब?"

मी म्हणालो, "उभा आहे."

"हलला नाही ना?"

"नाही."

तो टाकी मारत राहिला. दगडाची पूड त्याच्या पापण्यांवर बसली होती. पूल बांधणारा माणूस आमच्या अंगणात उकिडवा बसून जात्याला दात पाडत होता, आणि बायको मला विचारत होती की यांना तुम्ही ओळखता का. मी म्हणालो की कामावर होते पूर्वी. त्याने पाणी मागितलं, प्यायला. मग अगदी सहज विचारल्यासारखा म्हणाला, "त्या साली देवाची खोळ पडली होती म्हणे. मला फार उशिरा कळलं, शिळेच्या बाजारात. किती जाड होती हो?"

त्याला कळलेलं होतं. निदान संशय तरी होता, आणि मला बोलायला जागा करून देत होता. पंधरा वर्षांनी, माझ्याच अंगणात, पूर्ण सभ्यपणाने.

मी म्हणालो, "मी पाहिली नाही."

त्याने मान हलवली, हत्यारं फडक्यात बांधली, जात्यावर हात फिरवून पूड झटकली. बायकोला म्हणाला, "वर्षभर बघायला नको, माई." आणि गेला. तो कुठे राहतो ते मी विचारलं नाही. तेव्हापासून गल्लीत टाकीवाल्याची हाक आली की मी दारात जातो. अजून तो पुन्हा आलेला नाही.

हे लिहून मी मोकळा झालो असं नाही. खांब खचला नव्हता, मूळ खुणेवर शेंदूर चढला होता आणि ते मला चौकशीच्या आदल्या दिवशी ठाऊक होतं, एवढं मी माझ्या सहीने खात्याला लिहून देणं लागतो, म्हणजे त्याच्या दाखल्यावरचा शेरा खोडला जाईल. आणि त्याला शोधून, त्याच्या तोंडावर, त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो: पैशाच्या वर दीड इंचाला एक सूत कमी. यातलं अजून काहीही मी केलेलं नाही.